पन्हा अठ्ठावन्न

कापडाच्या दुकानात शिरलेला माणूस आधी भाव विचारत नाही. आधी तो समोरच्या ताग्याची कड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो, दोनदा चोळतो, छताकडे बघतो आणि 'हं' म्हणतो. या 'हं'चा अर्थ म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतो. आपल्या अंगावरचा शर्ट सुती आहे की टेरिकॉट हे ज्यांना सांगता येणार नाही असे मोठमोठे वकील, डॉक्टर, प्राचार्य मी पाहिलेत. पण दुकानात पाऊल पडलं की चिमटी त्यांच्याही हातांना आपोआप सुटते. दुकानदार तेवढा वेळ अदबीने गप्प राहतो. गिऱ्हाइकाचं हे झाल्याशिवाय पुढे काही सरकत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

मीही ही विद्या पन्नाशीपर्यंत लग्नाच्या बस्त्यापुरतीच वापरत होतो. तिच्यात खोल उतरलो तो एका जॅकेटापायी.

पुण्यात जॅकेट लागतं किती, हा प्रश्न रास्त आहे. जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि दहाच्या सुमारास तेच जॅकेट काखोटीला मारून घाम पुसावा लागतो. पण सकाळी टेकडीवर जाणाऱ्या आमच्या मंडळींत प्रत्येकाकडे एकेक झकास जॅकेट आहे, आणि मी मात्र भाच्याने टाकून दिलेल्या विंडचीटरमध्ये. म्हणून तयार जॅकेट घ्यायला गेलो. ही तयार जॅकेटं ज्या माणसाच्या मापावर बेततात तो मला अद्याप कुठे भेटलेला नाही. त्याला पोट नाही, आणि हात गुडघ्यापर्यंत आहेत.

"काका, हे स्लिम फिट आहे," दुकानातला पोरगा म्हणाला.

"मग मला कुठलं?"

त्याने मला वरपासून मध्यापर्यंत पाहिलं. मध्यावर जरा थांबला. "तुम्ही रिलॅक्स्ड बघा."

रिलॅक्स्डमध्ये पोट बसलं, पण खांद्याची शिवण दंडावर उतरली आणि बाहीतून बोटांची फक्त टोकं दिसू लागली. पोरगा म्हणाला, "बाही दुमडा ना, तशीच फॅशन आहे." आजकाल जे जे बसत नाही त्याला फॅशन आहेच.

तिथून शिंप्याकडे गेलो. आमचे मास्तर आता नवीन शिवत नाहीत; फक्त अल्टर करतात. "कारागीर गावाला गेलाय," ते म्हणाले. हा कारागीर मी कॉलेजात असतानाही गावालाच गेलेला होता.

"मग घरीच शिवू या," बायको म्हणाली.

बायकोने लग्नाआधी शिवणक्लास केला होता आणि त्याची वही आमच्या घरात पासबुकं, एल.आय.सी.च्या पॉलिशा आणि खरेदीखताच्या पिशवीत राहते. डाव्या पानावर लाल-निळ्या पेन्सिलीने पाव मापात काढलेल्या आकृत्या. उजव्या पानावर खाकी कागद कापून चिकटवलेले टीचभर कपडे: झबलं, टोपरं, बाबासूट, पोलकं, सहा कळ्यांचा परकर. पोलक्याच्या बाह्या करंगळीएवढ्या आहेत आणि त्यांना कागदाचीच नीट दुमडपट्टी आहे. प्रत्येक पानाखाली क्लासच्या बाईंची सही. पुरुषाचं जॅकेट मात्र त्यात कुठे नव्हतं.

"बाबासूटचंच माप वाढवू," ती वही मिटत म्हणाली. "आकार तसाच आहे."

पायमशीन घरात होतंच. त्याने बरीच वर्षं टेबल म्हणून नोकरी केली होती. त्याच्यावरची फुलदाणी, जुनी वर्तमानपत्रं आणि माझी रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी उतरवून त्याला तेल घातलं. पहिल्याच पायाला त्याने असा काही आवाज काढला की शेजारच्यांनी ही आपल्या मिक्सरचीच तक्रार आहे असं समजून तो बंद केला.

आता कापड. इथून खरी गंमत.

लक्ष्मी रस्ता झाला, रविवार पेठेतला कापडगंज झाला. जिथे जाऊ तिथे मी चिमटी लावायची, छताकडे बघायचं, आणि बायकोने "पन्हा किती?" विचारायचं. पन्हा विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात निराळा मान असतो. त्याला बसायला स्टूल मिळतं.

विक्रेत्याने आधी लिनन काढलं. "याला सुरकुती पडणार," तो अभिमानाने म्हणाला, "तीच याची शान." माझ्या सगळ्याच कपड्यांची शान तीच आहे, फक्त इतकी वर्षं मला ती फुकट मिळत होती. मग त्याने टेरी-व्हिस्कोसचं सूटिंग उलगडलं. ते इतकं चकचकीत होतं की घालून गेलो असतो तर लोकांनी मला जेवणाची पंगत कधी बसणार ते विचारलं असतं.

बायकोचं मन खणावर गेलं. खणाचं जॅकेट सध्या साहित्य संमेलनापासून डोहाळजेवणापर्यंत सगळीकडे दिसतं, आणि दिसतं छान. पण गुळेदगुड्डचा तो पारंपरिक खण मुळात चोळीसाठी विणलेला. त्याचा पन्हा अरुंद. माझी पाठ त्यात दोन हप्त्यांत बसली असती.

मला स्वतःला डेनिम हवं होतं. डेनिम वजनावर ओळखतात, हे मला तिथे कळलं. एका चौरस वाराचं वजन किती औंस, त्यावर सगळं. आठ-दहा औंसाचं हलक्या जॅकेटाला बरं. चौदा औंसाचं म्हणजे पक्कं काम. मी अर्थातच चौदाचं धरून बसलो. बायकोने कड चौपदरी दुमडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कॉलरच्या शिवणीपाशी याच्या दुप्पट पदर येतात. आपलं मशीन एवढं टोचेल का?" मी चौदा औंस खाली ठेवले. डेनिमच्या पँटींना तांब्याचे रिव्हेट ठोकायची युक्ती काढणारा जेकब डेव्हिस हा अमेरिकेतल्या रेनो गावचा शिंपीच होता. लेवी स्ट्रॉसच्या भागीदारीत त्याने १८७३ साली तिचं पेटंट घेतलं. शिवण पुन्हापुन्हा उसवू नये म्हणून शिंप्याने स्वतःहून काही केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

रंगाचं प्रकरण वेगळंच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जे कापड करडं असतं ते दारात हिरवट होतं आणि घरी पोचेपर्यंत मातकट. म्हणून जाणते लोक तागाच दारात नेतात. आम्हीही नेला. मी ताग्याचं एक टोक धरून फुटपाथवर, बायको दुसरं टोक धरून पायरीवर, आणि मध्ये कापडाखालून वाकून जाणारे लोक. त्यांतल्या एका आजींनी जाता जाता चिमटी लावली आणि "हं" म्हणाल्या.

शेवटी काहीच न ठरल्यामुळे नमुन्याचे तुकडे घेऊन आम्ही घरी आलो, आणि ते अण्णांपुढे ठेवले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. ते परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते ऐन तिशीत. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणून अण्णा स्वतःला अजूनही संपावर समजतात, आणि घरातलं कुठलंही काम सांगितलं की याची आठवण करून देतात. पण कापड दिसलं की ते पाळीवर हजर.

अण्णांची चिमटी मी पहिल्यांदाच नीट पाहिली. ते छताकडे बघत नाहीत. आधी कापड उलटं करतात. मागची वीण बघतात, मग कोपऱ्यात तिरपं ओढतात, मग मुठीत चुरगाळून पाच आकडे मोजतात आणि सोडून देतात. एवढं सगळं करून 'हं' म्हणतच नाहीत.

"हे काय सांगितलं त्याने?" एक तुकडा उचलून त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के कॉटन."

अण्णांनी देवघरातून काड्यापेटी मागवली, तुकड्यातून एक दोरा उसवला आणि पेटवला. कापूस जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर केस जळल्याच्या वासाने जळतात, ज्योत काढली की विझू लागतात, राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर मात्र वितळतं, आक्रसतं आणि टोकाला टणक काळा मणी धरतं. आमच्या शंभर टक्के कॉटनने मंगळसूत्रात ओवता येईल असा मणी धरला.

"कापूस पावतीवर आहे," अण्णा म्हणाले.

इथेच काड्यापेटी जागेवर ठेवायला हवी होती. पण अण्णांच्या अंगात तिसरी पाळी संचारली होती. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, माझा 'खादीचा' झब्बा झाला. तो मण्यासकट नापास झाला. तेवढ्यात बायको आतून एक साडी घेऊन आली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी तिला घेतलेली. प्युअर सिल्क.

"अण्णा, याच्या पदराचा एक दोरा बघा बरं."

"अहो, आता चहा घेऊ या की," मी म्हणालो.

दोरा पेटला. केस जळल्याचा वास यावा म्हणून मी नाक पुढे करून इतका खोल श्वास घेतला की ज्योत हलली. वास आला तो बादली वितळल्याचा. अण्णांनी तो काळा मणी तळहातावर घेऊन उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, केवढ्याला घेतलीत?"

मी आकडा सांगितला. पुरुषाला खरं बोलायची नेमकी वेळ कधी साधत नाही. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं आणि मी ते मागितलंही नाही.

दुसऱ्या फेरीला अण्णा स्वतः दुकानात आले. त्यांनी चॉकलेटी रंगाचं कॉर्डरॉय निवडलं, खिशातून टेप काढली आणि रेघा मोजल्या. "इंचाला अकरा. जॅकेटाला बरोबर. एकवीस असत्या तर शर्ट शिवा म्हटलं असतं." दोरा जाळायची परवानगी मागितल्यावर विक्रेत्याने मालकाला बोलावलं. मालकाने अण्णांची चुरगाळणारी मूठ पाहिली आणि काही न बोलता काडी स्वतः ओढून दिली. राख मऊ निघाली. दुकानात अंमळ शांतता पसरली. मालकालाही बहुधा ते तेव्हाच कळत होतं.

किती घ्यायचं? विक्रेता म्हणाला दोन, बायको म्हणाली अडीच, शेजारी ब्लाउजपीस बघायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "यांना? तीन तरी लागेल." पन्हा अठ्ठावन्न इंच होता, तरी आम्ही साडेतीन मीटर घेतलं. कापड कमी पडण्याची भीती हा आपल्याकडचा वंशपरंपरागत आजार आहे. ज्या घरात कधी कापड कमी पडलं नाही, त्या घरातही तो असतो.

सुती कापड न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर ते जॅकेट भाच्याला द्यावं लागतं. म्हणून बादलीत भिजवलं. पाणी कोकोचं झालं. गॅलरीत वाळत घातल्यावर त्यातलं थोडं पाणी खालच्या मजल्यावरच्या परीटघडीच्या सदऱ्यावर ठिबकलं, आणि सोसायटीच्या फळ्यावर त्याच संध्याकाळी एक सूचना लागली. आमचं नाव नव्हतं, पण रंगाचा उल्लेख होता.

मग बायकोने नियम काढला: आधी मांजरपाटाचं कच्चं शिवून अंगावर बघायचं, मगच खऱ्या कापडाला कात्री. नियम उत्तम आहे. मांजरपाटाचं ते बिनकॉलरचं, एकाच बाहीचं, पाठीला टाचण्या लावलेलं पांढुरकं प्रकरण घालून मी हॉलमध्ये उभा होतो आणि बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त सद्गृहस्थ. त्यांनी मला पाहिलं, चेहरा गंभीर केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कधी आहे ऑपरेशन?" रात्रीपर्यंत दोन घरांतून मऊ भात आला आणि एकाने रक्तगट कळवला.

खऱ्या कापडाची कापणी दुपारी झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण दुपारी दोन ते चार अण्णा झोपलेले असतात. मदतीला तळमजल्यावरच्या काकू आल्या. काकूंनी कापडाला चिमटी लावली, 'हं' केलं आणि बेतायला बसल्या. कापड वाचवण्यात काकूंचा हात धरणारा आख्ख्या पेठेत नाही. त्यांनी एका परकराच्या कापडात परकर, पोलकं आणि फोडणीच्या कढईसाठी दोन फडकी काढल्याचं सांगतात.

"एक भाग सुलटा ठेव, एक उलटा," त्या बायकोला म्हणाल्या. "मध्ये बघ, पाव मीटर वाचलं!"

पाव मीटर वाचल्याचा आनंद आम्हा तिघांना झाला. तो चार वाजेपर्यंत टिकला.

कॉर्डरॉयला लव असते. हात वरून खाली फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर खरखरीत. आणि लव ज्या अंगाला झुकते त्याप्रमाणे रंग गडद किंवा फिका दिसतो. म्हणून सगळे भाग एकाच दिशेने कापायचे असतात. अण्णा उठले, चहा घेतला, तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावून पुन्हा संपावर गेले. आमच्या जॅकेटाची डावी बाजू चॉकलेटी होती आणि उजवी चॉकलेटाला चंदेरी कागद लावल्यासारखी. उन्हात उभं राहून मी वळलो की बाजू बदलायच्या. भाचा म्हणाला, "मामा, याला कलर ब्लॉकिंग म्हणतात. लोक पैसे देऊन करून घेतात." मघाशी म्हटलं ना, फॅशन आहेच.

शिवणकामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात मशीनलाच बोलायला जास्त वाव होता. बॉबीन सारखी रिकामी व्हायची, ती नेमकी शिवण संपायला चार बोटं उरली की. पुढचा भाग उघडणारी चेन बोहरी आळीतून आणली. तीही आधी उलटी बसली, मग सुलटी, मग एका बाजूने वर. कॉलरला बकरम चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. त्याची डिंकाची बाजू खाली ठेवायची की वर, यावर चर्चा झाली. उत्तर इस्त्रीने दिलं, आणि ते तिने माझ्या लग्नकार्याच्या पांढऱ्या शर्टावरही लिहून ठेवलं. कॉर्डरॉय उलट बाजूने इस्त्री करायचं असतं, नाहीतर लव दबते. हेही पाठीवर इस्त्रीचा आख्खा त्रिकोण उमटल्यावर समजलं. पाठ मला दिसत नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही.

सगळ्यांत अवघड बाही. बाहीचा गोलवा मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठा असतो. तो मुद्दामच तसा असतो. धावदोरा घालून, चुणी न पडू देता, ते जास्तीचं कापड मुंढ्यात जिरवायचं. काकूंचं मत होतं की जास्तीचं कापून टाकावं आणि त्याचं फडकं करावं. या वेळी अण्णा जागे होते. बायकोने दात-ओठ खाऊन ते कापड जिरवलं, उसवलं, पुन्हा जिरवलं. तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं की आपल्या पुढाऱ्यांत पक्षभेद विसरून बंडीच का चालते. जॅकेटातला खरा मेहनतीचा भाग आहे बाही, आणि तो त्यांनी मुळातच काढून टाकलाय.

अखेर जॅकेट पुरं झालं. दोन्ही हात वर करता येतात. एकदम नाही, पण येतात. टेकडीवर सगळ्यांनी ते बघितलं. म्हणजे दोन-दोन बोटांनी बघितलं. कुणी कॉलरला चिमटी लावली, कुणी खिशाला, एकाने बोलता बोलता पाठीवरचा त्रिकोण चाचपला. "चांगलं कापड आहे," सगळे म्हणाले. "कुठे मिळालं? महाग असेल."

महाग आहे. हिशेब बायकोच्या वहीत, बाबासूटच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलाय: कॉर्डरॉय, मांजरपाट, अस्तर, चेन, बकरम, सोळा नंबरच्या सुया, मशीनचं तेल, खालच्या मजल्याच्या सदऱ्याची धुलाई, एक पांढरा शर्ट, आणि एक रेशमी साडी. साडीचा दोरा दुकानातच, मालकासमोर जाळून घेतला. केस जळल्याचा वास आला तेव्हा अण्णांनी मान डोलावली आणि मी पाकीट काढलं. एवढ्या पैशांत तयार जॅकेटं किती आली असती, हा हिशेब पानाच्या मागे मी पेन्सिलीने केला होता. तो खोडलेला आहे.

जॅकेट घालायला आता थंडी उरलेली नाही, तेव्हा पुढच्या वर्षीच्या आत एक विनंती. आमच्याकडे चॉकलेटी कॉर्डरॉय सव्वा मीटर शिल्लक आहे. काकूंनी वाचवलेलं पाव मीटर त्यातच धरलंय. पन्हा अठ्ठावन्न. भिजवून वाळवलेलं आहे, रंग आता जात नाही, जायचा तेवढा खालच्या मजल्यावर गेला. मुलाचं जॅकेट, बंडी किंवा उशीचे अभ्रे आरामात होतील. मोफत आहे. लव एकाच दिशेला ठेवून कापावं. येताना पिशवी आणावी, दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये, आणि नमुन्यादाखल दोरा जाळायचा असल्यास काड्यापेटी आपली आपण आणावी; आमची बायकोने लपवून ठेवली आहे.